हलका, पण न हलणारा: कार्बन फायबरचा ट्रायपॉड निवडताना

शटर उघडे असेल तेवढा वेळ कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, एवढेच ट्रायपॉडचे काम. जड वस्तू हे काम सहज करते. दगडी पाटा जागचा सरकत नाही तो वजनामुळेच. पण पाटा पाठीवर घेऊन कोणी कलावंतीण दुर्गाच्या पायऱ्या चढत नाही. घरी ठेवलेला दणकट ट्रायपॉड आणि डोंगरावर नेलेला लेचापेचा ट्रायपॉड हे दोन्ही सारखेच निरुपयोगी. या दोहोंच्या मधली वाट काढण्यासाठी कार्बन फायबरचे ट्रायपॉड निघाले. गिट्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीने १९९४ मध्ये असा पहिला ट्रायपॉड बाजारात आणला. आज भारतीय बाजारात गिट्झोखेरीज मॅनफ्रोटो, बेन्रो, सिरुई, लिओफोटो, व्हॅनगार्ड अशी बरीच नावे दिसतात आणि किमतीतली तफावत पाहून नवखा माणूस गोंधळतो.

पनवेलच्या छायाचित्रकाराला ट्रायपॉड नेमका कशासाठी हवा, हे त्याच्या भोवतालावरून ठरते. मुंबई-गोवा महामार्गावर शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये ते जाहीर झाले. इथली झाडी दाट आहे, पावसाळ्यात भर दुपारीही उजेड कमी असतो आणि पक्षी लहान असतात. दुसरीकडे ठाकूरवाडीहून प्रबळमाचीची चढण आहे. तिथे मुक्काम करून रात्रीचे आकाश आणि खाली पसरलेले पनवेल-नवी मुंबईचे दिवे टिपता येतात. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. तिथे पायाखाली खाडीचा चिखल असतो आणि हवेत खार. खारघरचा पांडवकडा धबधबा १०७ मीटर उंचीवरून कोसळतो, पण अपघातांमुळे पावसाळ्यात त्याच्या जवळ जायला बहुधा बंदीच असते. तो दूरच्या रस्त्यावरून, मोठी लेन्स लावून टिपावा लागतो. चढण, चिखल, खारे वारे, धो धो पाऊस आणि गर्दीची लोकल या सगळ्यांतून जाईल असा ट्रायपॉड शोधायचा आहे.

आधी पदार्थ समजून घेतलेला बरा. प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, त्यांवर शेणमातीचा लेप देऊन कुडाच्या भिंती करतात. नुसती कारवी वाकते आणि नुसती माती भेगाळते. दोन्ही एकत्र आल्या की भिंत वर्षानुवर्षे उभी राहते. कार्बन फायबरची नळी याच तत्त्वावर बनते. केसाहून बारीक कार्बनचे तंतू ताण घेतात आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन त्यांना जागचे सरकू देत नाही. या जोडपदार्थाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आकाराची नळी ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ ४० टक्के हलकी होते, आणि तंतू नीट रचले असतील तर ताठपणातही ती कमी पडत नाही.

मात्र तंतूंचा जोर त्यांच्या लांबीच्या दिशेने असतो. बांबू वाकवायला कठीण, पण कोयता उभा घातला की सरळ फाटतो, तसेच हे. म्हणून चांगल्या नळीत काही थर उभे, काही तिरपे, काही आडवे घातलेले असतात. तिरपे थर पिळाला अडवतात. जाहिरातीत ‘आठ थर’, ‘दहा थर’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. थरांची नुसती संख्या फारसे काही सांगत नाही. तंतू कोणत्या प्रतीचे, कोणत्या दिशांनी घातले आणि रेझिन किती भरले, हे महत्त्वाचे. आणि नेमके तेच खोक्यावर लिहिलेले नसते. त्यामुळे थर मोजण्यापेक्षा नळी हातात घेऊन पाहणे अधिक भरवशाचे.

वजनाची खरी बचत किती होते, हेही खरेदीआधी ठाऊक असावे, कारण इथे अपेक्षाभंग ठरलेला असतो. मॅनफ्रोटोच्या ०५५ मालिकेतला तीन टप्प्यांचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड हेडशिवाय २.५ किलोचा आहे, त्याच मापाचा कार्बनचा २ किलोचा. फरक अर्ध्या किलोचा, म्हणजे पाण्याच्या एका लहान बाटलीएवढा. नळी ४० टक्क्यांनी हलकी होऊनही एकूण वजन २० टक्केच का घटते? कारण पाय जिथे जोडलेले असतात तो माथा, लॉक, बिजागऱ्या, स्क्रू हे सारे दोन्हींत धातूचे किंवा प्लास्टिकचेच असते. अर्ध्या किलोसाठी बरेच जास्त पैसे मोजायचे का, हा प्रश्न रास्त आहे. सभागृहात, लग्नमंडपात किंवा घरच्या स्टुडिओत काम करणाऱ्याने हे पैसे मोजू नयेत. त्याला जड ॲल्युमिनियमच हिताचे. दोन-अडीच तासांची चढण नेहमीची असेल, तर मात्र हा अर्धा किलो दर पावलाला जाणवतो. शिवाय कार्बनमधली थरथर ॲल्युमिनियमच्या मानाने लवकर विरते, आणि उन्हात तापलेला किंवा पहाटे गारठलेला पाय हाताला तितकासा झोंबत नाही.

आता निवडीच्या गाभ्याकडे. ट्रायपॉडचा ताठपणा सगळ्यात जास्त कशावर अवलंबून असेल, तर तो नळीच्या व्यासावर. भिंतीची जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वरची नळी २२ मिलिमीटरऐवजी २८ मिलिमीटरची घेतली, तर ताठपणा दुपटीच्या घरात जातो. ३२ मिलिमीटरची घेतली तर तिपटीच्या. वजन मात्र त्या मानाने थोडेच वाढते. म्हणून हलकेपणासाठी बारीक नळी घेणे हा सर्वांत महागात पडणारा सौदा आहे. ‘फक्त ९०० ग्रॅम’ असे अभिमानाने सांगणारे ट्रायपॉड बहुधा अशाच काटकुळ्या पायांवर उभे असतात. प्रवासात छोट्या कॅमेऱ्यासाठी ते चालतात. मोठी लेन्स लावली की वाऱ्याच्या झुळकीनेही डुलतात.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. ट्रायपॉडचा पाय तीन, चार किंवा पाच टप्प्यांत बाहेर सरकतो, आणि प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्यात मावायचा तर तीनेक मिलिमीटरने बारीक असावा लागतो. वरची नळी २८ ची असेल तर तीन टप्प्यांच्या पायात शेवटची २२ च्या आसपास येते, चार टप्प्यांच्या पायात १९ आणि पाच टप्प्यांच्या पायात १६. त्या १६ मिलिमीटरच्या नळीचा ताठपणा वरच्या नळीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आणि पाय जमिनीला टेकतो तो याच टोकाने. शिवाय प्रत्येक सांधा म्हणजे ढिलाईला मिळालेली एक जागा. उलट टप्पे जास्त असले की दुमडलेली लांबी कमी होते. पाच टप्प्यांचा ट्रायपॉड सॅकच्या पोटात जातो. तीन टप्प्यांचा बाहेर बांधावा लागतो आणि सकाळच्या हार्बर लोकलमध्ये तो शेजाऱ्याच्या बरगडीत घुसतो. बहुतेकांसाठी चार टप्पे हा नीट तोडगा आहे. पाच टप्प्यांचा घेतलाच, तर शेवटचा बारीक टप्पा निकडीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. एरवी तो आतच असू द्यावा.

मग वजन कमी करायचे कुठून? उंचीतून, आणि मधल्या दांड्यातून. दुकानात ट्रायपॉड पाहणारा माणूस सहसा त्याची कमाल उंची विचारतो आणि १७० सेंटिमीटर ऐकून खूश होतो. त्यातले ३०-४० सेंटिमीटर मधल्या दांड्याचे असतात. तो दांडा वर काढला की तीन पायांवरचा ट्रायपॉड एका काठीवर आल्यासारखा होतो. हिशेब करून पाहिला तर एवढी उंची लागतही नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून १५३ सेंटिमीटरच्या आसपास असतात. त्यातून हेडचे १० आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ९ सेंटिमीटर वजा केले, तर पायांची उंची १३४ सेंटिमीटर पुरते. उतारावर एक-दोन पाय खालच्या अंगाला लांब सोडावे लागतात, म्हणून थोडी सवड ठेवायची. १४० झाले तर उत्तमच. कॅमेऱ्याचा पडदा वळवता येत असेल तर १२५ लाही अडत नाही. पक्ष्यांच्या आणि कीटकांच्या छायाचित्रणात तर उभे राहण्यापेक्षा बसूनच काम अधिक होते.

मधला दांडा नसलेला, किंवा काढून ठेवता येणारा ट्रायपॉड घेण्यात आणखी एक लाभ आहे: पाय पूर्ण फाकवून तो जवळजवळ जमिनीला टेकवता येतो. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या पायवाटेवरच्या अळंब्या, बेडूक किंवा पावसाळ्याच्या अखेरीस गडमाथ्यावर फुलणारी सोनकी टिपायची तर कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा. मधला दांडा असला की तोच खाली आपटतो. काही ट्रायपॉडमध्ये दांडा आडवा करता येतो. ही सोय कामाची वाटते, पण आडव्या दांड्याच्या टोकाला जड कॅमेरा लावला की तोल जातो आणि थरथर वाढते. तिचा मोह धरू नये.

खोक्यावर छापलेल्या वजनक्षमतेबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. ‘१५ किलो पेलतो’ या वाक्याचा अर्थ बहुधा एवढाच की १५ किलो ठेवल्यावर पाय घसरत नाहीत किंवा मोडत नाहीत. कॅमेरा त्यावर स्थिर राहील का, हा प्रश्न वेगळा, आणि ही क्षमता मोजण्याची सर्व कंपन्यांना बांधणारी एकच पद्धत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. व्यवहारात कॅमेरा आणि लेन्स मिळून जे वजन होईल त्याच्या किमान तिप्पट क्षमता छापलेली असावी, असा ठोकताळा धरतात. निकॉन डी-७५०० बॅटरी आणि कार्डासह ७२० ग्रॅमचा, त्याला २००-५०० मिलिमीटरची लेन्स २३०० ग्रॅमची. दोन्ही मिळून तीन किलो. म्हणजे नऊ-दहा किलोंच्या खालचा ट्रायपॉड पाहूच नये. पण इथेही वजनापेक्षा लेन्सची लांबी जास्त छळते. ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून दिसणारे दृश्य इतके जवळ आलेले असते, की कॅमेऱ्याची केसभर हालचालही फोटोत ठळक दिसते. तीन किलोंची पिशवी शांतपणे पेलणारा ट्रायपॉड तीन किलोंच्या लेन्सखाली थरथरू शकतो. पांडवकड्याचे दूरवरून टिपलेले चित्र याचे चांगले उदाहरण आहे: पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून शटर अर्धा ते दोन सेकंद उघडे ठेवायचे, आणि लेन्स २०० मिलिमीटरची. अशा वेळी २४ मिलिमीटरच्या लेन्सला पुरून उरणारा ट्रायपॉड उघडा पडतो.

पाय निवडले तरी अर्धेच काम झाले, कारण त्यावर हेड बसायचे असते. चांगल्या पायांवर स्वस्त हेड बसवणे म्हणजे जोत्यावर खर्च करून छपराला गवत घालणे. साधारण कामासाठी बॉल हेड सोयीचे. एकच खटका ढिला केला की कॅमेरा हवा तसा वळतो. गोळ्याचा व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास असावा, आणि खटका आवळल्यावर चौकट खाली सरकू नये. बऱ्याच हलक्या हेडमध्ये हा दोष असतो: डोळ्याला चौकट नीट बसवली, आवळले, हात काढला की चित्र बोटभर खाली. उडत्या पक्ष्यांसाठी मोठी लेन्स असेल तर गिंबल हेड लागते. त्यात लेन्स तिच्या तोलाच्या बिंदूवर टांगलेली राहते आणि बोटाने फिरते. मात्र ते एकटेच किलोभराचे असते, तेव्हा हलकेपणाचा हिशेब करताना ते धरायला विसरू नये. व्हिडिओसाठी फ्लुइड हेड. कॅमेऱ्याखाली लावायची पट्टी आर्का पद्धतीची, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीची आणि उतरत्या कडांची असावी; ती बहुतेक कंपन्यांच्या हेडमध्ये बसते. एखाद्या कंपनीची स्वतःचीच खास पट्टी असेल तर ती हरवल्यावर नवी मिळेपर्यंत ट्रायपॉड नुसता पडून राहतो. पाय आणि हेड जोडणारा स्क्रू बहुधा तीन अष्टमांश इंचाचा असतो, कॅमेऱ्याखालचा पाव इंचाचा. दोन्ही मापे जगभर ठरलेली आहेत, त्यामुळे पाय एका कंपनीचे आणि हेड दुसऱ्या कंपनीचे घ्यायला हरकत नाही.

लॉक दोन प्रकारचे: पिळायचे आणि खटक्याचे. खटक्याचे लॉक उघडे की बंद ते लांबूनही दिसते आणि अंधारात हाताला कळते. पण कारवीच्या रानातून जाताना ते फांद्यांत अडकते आणि कधी आपोआप उघडते. पिळायचे लॉक आटोपशीर असते, सॅकवर बांधलेला ट्रायपॉड कुठे अडकत नाही, आणि अर्धा वेढा दिला की काम होते. त्याच्या आट्यांत वाळू किंवा लाल माती गेली की मात्र ते करकरते. डोंगर आणि रान हेच मुख्य काम असेल, तर पिळायचे लॉक घ्यावे आणि साफसफाईची सवय लावून घ्यावी. पायांची रबरी टोके काढून लोखंडी अणकुच्या लावता येतात का, हे पाहावे. गडांवरच्या गुळगुळीत, ओल्या काळ्या खडकावर रबर चांगले धरते; मुरूम, गवत आणि शेवाळलेल्या मातीत अणकुची.

दुकानातली तपासणी घाईने उरकू नये. पनवेलमध्ये मनाजोगती निवड न मिळाल्यास फोर्टातल्या बोरा बाजारात आणि आसपास कॅमेऱ्याच्या साहित्याची दुकाने आहेत. पनवेलहून सुटणारी हार्बर लोकल थेट तिथल्या स्टेशनात पोहोचते. जाताना स्वतःचा कॅमेरा आणि सर्वांत लांब लेन्स सोबत न्यावी. ट्रायपॉड पूर्ण उघडून माथ्यावर दोन्ही तळव्यांनी भार द्यावा. एखादा पाय आत सरकला तर त्याचे लॉक कमकुवत. मग माथा दोन्ही हातांनी धरून जात्याच्या खुंट्यासारखा हलकेच डावी-उजवीकडे पिळावा. पिळात किती ढिलाई आहे हे हाताला लगेच कळते. त्यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची: कॅमेरा आणि लेन्स लावून, समोरच्या इमारतीवरच्या एखाद्या पाटीवर नेम धरून, मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठे करावे आणि ट्रायपॉडच्या पायावर बोटाने टिचकी मारावी. चित्र थरथरेल. ते शांत व्हायला किती वेळ लागतो, तो मोजावा. सेकंदभरात शांत झाले तर ट्रायपॉड चांगला. दोन सेकंदांहून जास्त लागले, तर कॅमेऱ्याचा दोन सेकंदांचा टायमरही उपयोगाचा नाही, कारण बटण दाबल्याची थरथर तोपर्यंत जिवंत असेल. ही परीक्षा ऑनलाइन खरेदीत करता येत नाही. तिथून घ्यायचाच असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी ती घरी करावी.

कार्बनच्या नावाखाली दुसरेच काही विकले जाण्याचा धोकाही असतो. विणीचे चित्र छापलेला कागद ॲल्युमिनियमवर किंवा काचतंतूच्या नळीवर चिकटवला की दिसायला तो कार्बनच दिसतो. लोहचुंबकाने हे ओळखता येत नाही. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. वातानुकूलित दुकानात नळीला हात लावून पाहावा: ॲल्युमिनियम चटकन गार लागते, कार्बन तितके नाही. नखाने टिचकी मारली तर धातू किणकिणतो आणि कार्बनचा आवाज कोरडा, लाकडासारखा येतो. काचतंतू मात्र या दोन्ही परीक्षांतून निसटतो. तो वजनाने पकडावा लागतो: नळी जाड, ट्रायपॉड जड आणि किंमत ॲल्युमिनियमएवढीच असेल, तर शंका घ्यावी. उलट, चकचकीत विणीचा पोत दिसत नाही म्हणून खऱ्या कार्बनला नाकारण्याचेही कारण नाही. कित्येक उत्तम नळ्या वरून साध्या काळ्या दिसतात.

जुना, वापरलेला कार्बन ट्रायपॉड चांगल्या किमतीत मिळू शकतो, पण तो पाहताना डोळे उघडे ठेवावेत. ॲल्युमिनियमला मार बसला की पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनला पोचा पडत नाही, आतून थर सुटतात आणि वरून फार तर एक केसाएवढी रेघ दिसते. नाण्याने नळीवर वरपासून खालपर्यंत हलकेच ठोकत जावे. आवाज एकाएकी बद्द झाला तर तिथे थर सुटले असण्याचा संभव आहे. दुसरी कमजोर जागा म्हणजे नळी आणि धातूचा सांधा. तिथे नळी गोंदाने चिकटवलेली असते. गोंद सुटला की पाय आपल्याच जागी फिरू लागतो. तडकलेली नळी घरी करवतीने कापून छोटी करण्याचा उद्योग कोणी करू नये. कार्बनची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते आणि त्वचेत बारीक कुसळांसारखी रुतते.

वापरातल्या काही गोष्टी निवडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. हलका ट्रायपॉड वाऱ्यात हलतो, म्हणून मधल्या आकड्याला सॅक टांगायची, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण हवेत लोंबकळणारी सॅक वाऱ्याने झोके घेते आणि ट्रायपॉडला उलट हलवते. दोरी अशी सोडावी की सॅकचा तळ जमिनीला टेकेल. उतारावर दोन पाय उताराच्या अंगाला आणि एक चढाकडे ठेवावा. सपाटीवर एक पाय लेन्सच्या खाली, तिच्याच दिशेला येईल असा ठेवला की पुढचा भार त्यावर पडतो. चिखलात किंवा पाण्यात उभे राहायचे असेल तर नेहमीच्या उलट, सर्वांत खालचा टप्पा आधी पूर्ण बाहेर काढावा. त्यामुळे लॉक पाण्याच्या वर राहते.

खाडीकाठच्या छायाचित्रकाराने एक गोष्ट विसरू नये. कार्बन स्वतः गंजत नाही, पण तो ॲल्युमिनियमला चिकटून असला आणि दोहोंमध्ये खारे पाणी शिरले तर ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. पांढरी भुकटी दिसू लागली की हा रोग सुरू झाला असे समजावे. फ्लेमिंगोंच्या मोसमात प्रत्येक फेरीनंतर पाय गोड्या पाण्याने धुऊन, टप्पे बाहेर काढून सावलीत वाळवावेत. लॉकच्या आट्यांना कंपनीने सांगितले असेल तेच ग्रीस लावावे आणि तेही नावापुरते. स्वयंपाकघरातले तेल किंवा सायकलचे ऑइल लावले की त्यावर धूळ बसून खलबत्ता होतो.

कार्बन विजेचा वाहक आहे, ही बाब फारशी कोणी सांगत नाही. रेल्वेच्या वरच्या तारांमध्ये २५ हजार व्होल्टचा दाब असतो. पादचारी पुलावरून किंवा फलाटाच्या टोकावरून उघडा ट्रायपॉड उंच धरून त्या तारांच्या जवळ नेणे जीवघेणे ठरू शकते, तारेला स्पर्श झाला नाही तरीही. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे ढग जमलेले असताना गडमाथ्यावर ट्रायपॉड उभा करून विजांचे फोटो काढणे हाही तितकाच वेडेपणा. ट्रायपॉड कुठे चालतो हेही आधी विचारावे. रायगड, घारापुरी, कार्ल्याची लेणी यांसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. कर्नाळ्यात कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क असते. तिथे जून-जुलैत तिबोटी खंड्याच्या बिळासमोर ट्रायपॉड रोवून तासन्‌तास बसणे, पक्षी पिलांना भरवायला येईना अशी वेळ आणणे, हे छायाचित्रणात मोडत नाही.

कर्नाळा, प्रबळमाची आणि खाडी या तिन्हींसाठी एकच ट्रायपॉड घ्यायचा असेल, तर वरची नळी २८ मिलिमीटरची, टप्पे चार, मधला दांडा नसलेला किंवा काढता येणारा, उंची १३० ते १४० सेंटिमीटर, लॉक पिळायचे, पायांचे वजन दीड किलोच्या आत, आणि वर अर्ध्या किलोच्या आतले आर्का पट्टीचे बॉल हेड. सगळे मिळून दोन किलोंच्या घरात बसते. कॅमेरा आणि लेन्स मिळून तीन किलोंच्या वर जात असतील तर ३२ मिलिमीटरची नळी आणि तीन टप्पे, मग ते थोडे जड झाले तरी चालेल. यापेक्षा महाग घेण्याने काही बिघडत नाही, पण नळी २५ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. पैसे कमी पडत असतील तर स्वस्त कार्बनऐवजी चांगले ॲल्युमिनियम घ्यावे. बिल आणि वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची असावी, कारण दोन वर्षांनी एखादे लॉक तुटले तर सुटा भाग त्याच्याकडूनच मिळणार असतो.

नव्या ट्रायपॉडसोबत एक छोटी षटकोनी किल्ली येते, तिला ॲलन की म्हणतात. पाय माथ्याला जिथे जोडलेले असतात तिथले बोल्ट वापराने सैलावतात आणि पाय उचलल्यावर आपोआप फाकू लागतात; एस.टी.च्या धक्क्यांनी तर लवकरच. तीन-चार फेऱ्यांनंतर ते अर्धा आटा आवळावे लागतात. ती किल्ली घरी खोक्यात न ठेवता कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवावी.